गुरुवारवर ढकललेला गुडघा

मी मुळात भित्री आहे. मामांविषयी लिहायचं तर हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मला लिफ्टची भीती वाटते, बंद खोलीची वाटते, घरून अवेळी फोन आला की उचलायच्या आधीच कुणाचं काय झालं असेल याची मनात यादी तयार होते. अशी मुलगी चाकणच्या कारखान्यात, तीही मेंटेनन्स खात्यात नोकरीला लागली, हे लातूरला आमच्या घरी अजून कुणाला नीटसं पटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

पहिल्या दिवशी एचआरच्या माणसाने मला मामांपुढे उभं केलं आणि तो घाईने निघून गेला. मामा तेव्हा एका मोटारीला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावून उभे होते. डॉक्टर छाती तपासतात तसं. मान न वळवता त्यांनी विचारलं, "भितीस का?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायचीही भीती वाटली.

"मंग टिकशील. न भिणारी पोरं आमच्याकडं बोटं ठिवून जात्यात."

मामा नात्याने कुणाचेच मामा नव्हते. मेंटेनन्सचे सुपरवायझर, वय पंचावन्नच्या पुढे, पण प्लांट हेडपासून कॅन्टीनपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. मूळचे कुरुळीचे. आमचा प्रेस शॉप, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या मशिनची शेड, जिथे उभा आहे तिथे पूर्वी त्यांच्या घरचं बटाट्याचं वावर होतं. नवीन माणूस आला की ते त्याला प्रेस शॉपच्या मधोमध नेत आणि जमिनीकडे बोट दाखवून सांगत, "हितं आमची हीर व्हती. ध्यान ठिवून चाल." विहीर कधीच बुजवली होती, वर हातभर काँक्रीट होतं, त्यावर दोनशे टनांची प्रेस धाडधाड चालत होती. तरी मामा स्वतः त्या जागेवरून कधी जात नसत. हातात कितीही जड वस्तू असली तरी वळसा घालत. मी हसले तर म्हणाले, "हीर बुजली म्हणून तिचा भरवसा धरायचा व्हय?" त्यानंतर मीही वळसा घालायला लागले.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध खोड म्हणजे हाताची पाठ. मामा कशालाही तळहाताने स्पर्श करत नसत. आधी हाताची मागची बाजू लावायची, मग काय ते बोलायचं. "तळवा लावला आन् करंट असला, तर मूठ वायर धरून बसती, सोडत न्हाई. पाठ झटका खाऊन मागं येती." कारण कळलं, पण मामा ही पाठ चहाच्या ग्लासाला लावत, कंपनीच्या बसच्या चाकाला लावत, कुणाच्या मोबाइललाही लावत. एकदा भर मीटिंगमध्ये त्यांनी ती सेफ्टीच्या साहेबांच्या कपाळाला लावली आणि म्हणाले, "साहेब, घरी जावा." साहेब चिडले. दुसऱ्या दिवशी त्यांना डेंग्यू निघाला.

आणि हात लावायचा तर दोन्हीकडे लावायचा. एका बाजूचं बेअरिंग गरम लागलं म्हणून लगेच ओरडायचं नाही, फिरत्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, दुसऱ्या टोकाचं बघायचं. दोन्ही सारखीच गरम असतील तर ती कामाची ऊब. एकच गरम असेल तर आजार. "एकट्याला इचारून काय कळतंय? त्याच्या जोडीदाराला इचार," असं ते म्हणत. माझ्याकडे इंजिनीअरिंगची पदवी होती, कंपनीने तपमान मोजायची गनही दिली होती. मामा गनकडे बघून म्हणत, "ती आकडा सांगती. भ्यायचं का न्हाई त्ये सांगत न्हाई."

आमच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. रविवारी सगळं जग झोपलेलं असतं तेव्हा आमचे भोंगे वाजत असतात आणि गुरुवारी सगळं थंड होतं. मेंटेनन्सवाल्यांना मात्र गुरुवार म्हणजेच काम. आठवडाभर चालत्या मशिनला हात लावता येत नाही, म्हणून जे काही कुरकुरत असेल, गळत असेल, घासत असेल ते गुरुवारवर ढकलायचं. आमच्या खोलीत एक फळा होता, त्यावर मामा खडूने गुरुवारची यादी लिहीत. या यादीवर त्यांचं सगळं आयुष्य चालायचं. घरातला गळका नळ गुरुवारी, बँकेतलं काम गुरुवारी, भाच्याची सोयरीक गुरुवारी. मामी एकदा डब्यासोबत निरोप पाठवून बसल्या होत्या की दाढ दुखतेय, तर मामांनी फळ्यावर 'पट्टा क्र. ३'च्या खाली 'दाढ' असं लिहिलं.

पण काही गोष्टी गुरुवारच्या नसतात. मामांचा खरा हातखंडा तिथे होता. रिपोर्ट काहीही सांगो, मामा हात लावून एवढंच म्हणत, "हे गुरुवारचं" किंवा "हे आत्ताचं." एका सोमवारी मोठ्या प्रेसच्या मोटारीला त्यांनी हात लावला आणि म्हणाले, "आत्ताचं." दुपारपर्यंत माल जायचा होता. प्लांट हेड स्वतः खाली आले. "मामा, तीन दिवस काढा हो कसेतरी, गुरुवारी उघडू." मामांनी वाद घातला नाही. मेन स्विच खाली ओढला, त्याला स्वतःचं कुलूप लावलं, लाल टॅग अडकवला आणि किल्ली खिशात घालून डबा उघडून बसले.

हा लाल टॅग आमच्याकडे प्रत्येक मेंटेनन्सवाल्याकडे असतो. त्यावर त्याचं नाव, फोटो आणि 'काम चालू आहे. सुरू करू नये' असं लिहिलेलं असतं. नियम एकच आहे. ज्याने लावला त्यानेच काढायचा. मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण आत कुणाचा तरी हात अडकलेला असू शकतो. प्लांट हेड घामाघूम होऊन उभे होते आणि मामा कांदा फोडून भाकरी खात होते. शेवटी मोटार उघडली तर बेअरिंगच्या गोळ्या धरणारा पिंजरा तीन ठिकाणी तुटलेला. अजून एक शिफ्ट चालवली असती तर शाफ्ट गेला असता, आणि समोर उभ्या माणसाचं काय झालं असतं ते मी त्या दिवशी पुष्कळ वेळा मनात बघितलं. मामा मला म्हणाले, "गरम झालेल्याला वरनं ग्रीस भरत बसायचं नसतं. आधी उघडायचं. आत काय हाय त्ये बघायचं."

हे सगळं सांगते आहे ते एवढ्यासाठी, की या माणसाला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

मामांचा उजवा गुडघा आधीपासून कुरकुरत होताच. पन्नाशीपुढच्या सगळ्यांसारखं तेही "ग्रीस संपलंय" म्हणत. साखरही होती. गोळ्या डब्याच्या झाकणात ठेवत आणि झाकण डब्याला लावताना सांडत. त्या आठवड्यात, सोमवारी, ते लंगडत आले. विचारलं तर म्हणाले, "रातचं आखडलंय." दिवसभर काम केलं, पण जिना चढले नाहीत. वरच्या मजल्यावरच्या पंपाला स्क्रूड्रायव्हर लावायला मला पाठवलं. मला वाटलं, शिकवतायत.

मंगळवारी ते खुर्चीवर बसून होते. मी माल वाहणाऱ्या, बंद पडलेल्या पट्ट्याखाली आडवी पडून बोल्ट काढत होते आणि ते वरून पाने देत होते. उजवा पाय पुढे ताठ ठेवलेला. पाना घेताना माझ्या हाताची पाठ त्यांच्या गुडघ्याला लागली आणि मी दचकले. जाड कापडाच्या पँटमधून ऊब येत होती. चहाच्या ग्लासाला फडकं गुंडाळून हातात धरावं तशी. सूजही होती, कापड तिथे ताणलेलं होतं. मी काही ठरवून केलं नाही. पाना परत देताना मी तो मुद्दाम डाव्या बाजूने दिला आणि डाव्या गुडघ्याला हात लागू दिला.

तो गार होता.

मी वर बघितलं. मामा माझ्याकडेच बघत होते. एक क्षणभर. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि म्हणाले, "चौदाचा दे."

मी चौदाचा दिला. आणि गप्प बसले. का गप्प बसले याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ वेळा दिलेलं आहे. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या गुडघ्याला हात लावला हे तोंडाने कसं सांगायचं? ज्यांनी मला गरम म्हणजे काय ते शिकवलं त्यांना मी गरम काय आहे ते सांगायचं? संध्याकाळी थेरगावला जाणाऱ्या बसमध्ये मी मोबाइलवर शोधलं. एकच सांधा, अचानक सूज, गरम, टेकवत नाही, साखरेचा पेशंट. उत्तरं आली. सांध्यात पू. रक्तात पसरतो. माणूस जाऊ शकतो. वेळ घालवू नका. डांगे चौक येईपर्यंत मी तेच पान तीनदा वाचलं आणि मग बंद केलं. मला डोकं दुखलं तरी ट्यूमर वाटतो. ज्या बाईला सगळ्याचीच भीती वाटते तिचा स्वतःच्या भीतीवर विश्वास उरत नाही. उद्या बघू, असं मी स्वतःला म्हणाले आणि जेवले.

बुधवारी मामा कुठे दिसेनात. शेवटी कॉम्प्रेसर रूममध्ये सापडले. आमचे हवा दाबणारे दोन मोठे कॉम्प्रेसर होते, मामा त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. सासुरवाशिणी असल्यासारखं त्यांच्याशी बोलत. त्या खोलीत एवढा उकाडा असतो की पाच मिनिटांत शर्ट भिजतो. मामा तिथे भिंतीला टेकून, जर्किन घालून, गळ्यापर्यंत चेन ओढून बसले होते आणि थडथड कापत होते. दात वाजत होते, ते थोरलीच्या आवाजातही मला ऐकू आले. उजव्या गुडघ्याखाली चिंध्यांची गुंडाळी होती. मी जवळ गेले तसे ते ओरडले, "हात नको लावू! वाराबी लागू दिऊ नको."

मामांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"मामा, दवाखान्यात चला."

"उद्या गुरुवार हाय. उद्या जातो." खिशातून त्यांनी गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढली. मेडिकलमधून आणलेल्या, दुखण्याच्या. "हे घेतलं की उतरतंय. मामी शेकती, तेल लावती. ग्रीसच संपलंय दुसरं काय."

"दुसऱ्या गुडघ्याचं का नाही संपलं मग?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, "धाकटीचं प्रेशर बघ."

मी धाकटीचं प्रेशर बघितलं नाही. माझ्या तोंडून घरची बोली बाहेर पडली, "मामा, ऐकायलाव का नाही माझं?" ते हलले नाहीत. चार माणसं बोलावून उचलायचं तर हात लावू देत नव्हते. ॲम्ब्युलन्स बोलावली तर ते परत पाठवतील हे मला ठाऊक होतं. मागे छातीत दुखलं तेव्हा पाठवलीच होती. काय करावं सुचेना. रडू येत होतं. आणि मग मी एक वेडेपणा केला. माझ्या कमरेला लटकणारा लाल टॅग काढला, त्यावर पेनाने वेळ लिहिली आणि मामांच्या जर्किनच्या चेनला अडकवला.

'काम चालू आहे. सुरू करू नये.' खाली माझं नाव, माझा पासपोर्ट फोटो.

मामांनी डोळे उघडून टॅग हातात घेतला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मला वाटलं, आता हे मला सगळ्यांसमोर झापणार, ही काय चेष्टेची गोष्ट आहे का म्हणून. ते कापत होते तसा टॅग चेनवर टकटक वाजत होता.

"कुणी लावला?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मंग तूच काढशील," ते म्हणाले आणि मान भिंतीला टेकवली. "बोलीव गाडी."

कंपनीची ॲम्ब्युलन्स नाशिक रस्त्याला लागली आणि अडकली. दुपारची शिफ्ट सुटलेली, कंटेनरची रांग, कुरुळीच्या पुढे एक ट्रक बंद पडलेला. सायरन वाजत होता आणि कुणी हलत नव्हतं, हलायला जागाच नव्हती. खिडकीतून मामांच्या गावाकडे जाणारा फाटा दिसत होता. चाक जरा कुठे खड्ड्यात गेलं की मामा असा आवाज काढत की ड्रायव्हर मागे वळून बघे. मधूनच ते म्हणाले, "थोरलीला बंद करा रं, लई तापली." थोरली पाच किलोमीटर मागे राहिली होती. मी त्यांच्या कपाळाला हाताची पाठ लावली, मग माझ्या कपाळाला लावली. मी तेव्हा देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही, त्यातलं अर्धंही पाळलेलं नाही.

चिंचवडच्या हॉस्पिटलातला हाडांचा डॉक्टर अगदी तरुण होता, भराभरा बोलणारा. त्याने पँट कापायला लावली. उजवा गुडघा फुगून लालसर, चकचकीत झालेला. डॉक्टरने आधी हाताची पाठ उजव्या गुडघ्यावर ठेवली, मग डाव्यावर, मग पुन्हा उजव्यावर. मामा इतका वेळ "कशाला, कशाला" करत होते ते एकदम गप्प झाले.

"कधीपासून?"

"कालपासनं," मामा म्हणाले.

"सोमवारपासून," मी म्हणाले.

डॉक्टरने पाय वाकवून बघायचा प्रयत्न केला, बोटभरही वाकला नाही. मग त्याने मोजे काढायला सांगितले. मामा नको नको म्हणाले. उजव्या पायात एकावर एक असे दोन मोजे होते आणि आत अंगठ्याला सेफ्टी शूज चावून झालेली, पिकलेली जखम. वास आला. साखरेमुळे त्यांना ती फारशी दुखतही नव्हती. तिथून जंतू रक्तात गेले असणार आणि आधीच झिजलेल्या गुडघ्यात जाऊन बसले असणार, असं डॉक्टर म्हणाला. ताप दिसला नव्हता तो दुखण्याच्या गोळ्यांनी दबून राहिला म्हणून.

"अँटिबायोटिक काही घेतलंय का आधी?"

"नाही, फक्त या," मी पट्टी दाखवली.

"ते एक बरं झालं. आधी सांध्यातलं पाणी काढून लॅबला पाठवतो, मग औषध सुरू. आधीच अर्धंमुर्धं औषध पोटात गेलेलं असलं की कुठला जंतू आहे ते नीट सापडत नाही आणि आम्ही अंधारात चाचपडत बसतो."

सुई आत गेली तेव्हा मामांनी माझं मनगट धरलं, पूर्ण तळव्याने. चांगल्या सांध्यातलं पाणी तेलासारखं, पिवळसर, आरपार दिसणारं असतं. सिरिंजमध्ये जे आलं ते ताकासारखं गढूळ होतं. डॉक्टरने सिरिंज उजेडात धरून बघितली आणि तो बोलायचाच थांबला. मग नर्सला म्हणाला, "ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगा. आजच सांधा धुवावा लागेल."

मामांनी एकच प्रश्न विचारला. "पाय कापनार का?"

"आत्ता तसं काही म्हणत नाही," डॉक्टर म्हणाला. नाही असं तो म्हणाला नाही, हे आम्ही दोघांनीही ऐकलं.

आत न्यायच्या आधी नर्सने जर्किन काढताना विचारलं, हे काय आहे? मी टॅग काढून घेतला. बाहेर आल्यावर डॉक्टरने मला समजावलं. बहुतेक त्याला मी मामांची मुलगी वाटले असेन. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, पू ती खातो, आणि एकदा खाल्ली की ती परत येत नाही. म्हणून पू नुसत्या औषधाने जिरायची वाट बघायची नसते, काढून टाकावा लागतो, सांधा धुवावा लागतो. "काल आणलं असतंत तर बरं झालं असतं," तो सहज म्हणाला आणि हात धुवायला गेला.

काल म्हणजे मंगळवार.

तेवढ्यात मामी पोचल्या. ठसठशीत कुंकू, नऊवारी, पायात दोन वेगवेगळ्या चपला, घाईत घातलेल्या. डॉक्टरला गाठून त्यांनी विचारलं, "मी शेकत व्हते वो, तीन दिस. विटंनं, गरम पान्याच्या पिशवीनं. तेलबी चोळलं. त्यानं झालं का?"

"त्याने झालं नाही," डॉक्टर म्हणाला, "पण असा गरम, सुजलेला सांधा शेकायचा नसतो, चोळायचा तर मुळीच नाही."

मामींनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

पुढचे दिवस मी हॉस्पिटल आणि कंपनी यांच्यामध्ये कसे काढले ते मलाच माहीत. पहिल्या धुलाईनंतर ताप उतरला आणि तिसऱ्या दिवशी परत चढला. पुन्हा ऑपरेशन. बीपी घसरलं, आयसीयूत हलवलं. काचेतून मामा ओळखू येत नव्हते. दाढी वाढलेली, तोंड सुकलेलं, हाताची पाठ सुयांनी काळीनिळी झालेली. लॅबमधून जंतूचं नाव आलं, औषध बदललं, तिसऱ्यांदा सांधा धुतला. त्यानंतर ताप हळूहळू हटला. मग कितीतरी दिवस शिरेतून औषध, त्यानंतर कितीतरी आठवडे गोळ्या, साखरेचं इंजेक्शन, आणि तो गुडघा वाकवायला रोज येणारा फिजिओथेरपीचा मुलगा. त्याला बघितलं की मामा तोंड भिंतीकडे वळवत. जीव वाचला. पायही कापला नाही. पण गुडघा अर्धाच वाकतो आणि पाऊल टाकलं की आत हाडाला हाड लागतं. नवा सांधा बसवता येईल, पण आत जंतू उरलेला नाही याची पक्की खात्री झाल्यावरच, असं डॉक्टर म्हणाला. मामांनी नोकरी सोडली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामी स्वतःहून सांगत, "मीच शेकलं. मलाच अक्कल न्हाई." लोक म्हणत, तुम्हाला काय ठाऊक असणार? त्या पदर तोंडाला लावून आत निघून जात.

मी आठ महिने त्यांच्याकडे जाऊन येत होते आणि दर वेळी सांगायचं ठरवून न सांगता परत येत होते. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी दुपारी, मामा पडवीत कॉटवर पाय लांब करून बसलेले असताना, मी एका दमात बोलून टाकलं. "मामा, मला मंगळवारीच कळलं होतं. पाना देताना. दोन्हीकडे हात लागला होता माझा. मी बोलले असते तर तुमचा गुडघा राहिला असता."

मामांनी रस्त्याकडे बघितलं. कंपन्यांच्या बस रिकाम्याच उभ्या होत्या.

"मला सोमवारीच कळलं व्हतं," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, माझी समजूत घालतायत.

"सकाळी उठलो. दोनी गुडघ्यांना हात लावला. कळलं. आत्ताचं हाय म्हणून कळलं. मंग म्हणलं, न्हाई कळलं." त्यांनी मांडीवरचं धोतर सारखं केलं. "बाचा पाय कापला व्हता. असाच, साखरंनं. मी तवा दवाखान्यात पाय धरून उभा. कापल्यावर म्हातारा लई दिस ऱ्हायला न्हाई. आता मी गेलो असतो तर माझाबी कापला असता. गुरुवारपातूर तरी माझा ऱ्हाईल, म्हणलं. तू मंगळवारी हात लावलास तवा तुला दटावून गप करावं असं आलं व्हतं मनात. पर तू गपच ऱ्हायलीस. भ्यालो, पोरी."

दारात भांडं वाजलं. मामी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी ट्रे कॉटच्या कडेला ठेवला.

"तुमाला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "मंग मला तीन दिस शेकू का दिलंत?"

मामा खाली बघत होते.

"तू जवळ बसायचीस शेकताना," ते म्हणाले. "तेवढा येळ भ्या वाटत नव्हतं."

मामींनी ट्रे उचलला आणि तिन्ही कप चहा तसाच आत नेला.